गाभण मेंढीची भूल

माघ सरत आला कीं नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, निर्मळच्या वाटेवर, जीं थोडीं भातखाचरें अद्याप इमारतींच्या तावडींतून सुटलेलीं आहेत त्यांत कधीं कधीं एखाद्या धनगराचा वाडा उतरतो. घाट उतरून आलेलीं हीं माणसें दोन-चार रात्रीं शेतांत मेंढरें बसवितात. शेताला खत मिळतें, धनगराला धान्य किंवा पैसा मिळतो, आणि एके दिवशीं पाहावें तों पहाटेसच सर्व बिऱ्हाड पुढें गेलेलें असतें. गेल्या वर्षीं असाच एक कळप आला असतां संध्याकाळच्या फेरफटक्यांत आम्ही बांधावर उभे राहिलों होतों. एक धनगरीण कळपांतील एकाच मेंढीला बाजूस घेऊन तिला परातींतून दाणे चारीत होती. इतरांना नाहीं आणि हिलाच कां, असें आम्हीं सहज विचारलें.

"दोन हायती हिच्या पोटात," ती म्हणाली. "हिला उपाशी ठिवून भागत न्हाई, बाबा. एक दीस खायाला न्हाई मिळालं का मान टाकती. मग उठत न्हाई."

असलीं अनुभवाचीं वाक्यें ऐकावीं, मान डोलवावी आणि घरीं यावें, एवढेंच आम्हीं केलें. तीन आठवड्यांनीं तें वाक्य आम्हांस एका इस्पितळाच्या बांकावर आठवलें.

आमच्या थोरल्या सूनबाईंस तेव्हां सहावा महिना चालू होता. सकाळीं पोटांत दुखूं लागलें, तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांनीं ओंव्याचा अर्क दिला. दुपारपर्यंत कळ उजव्या कुशींत स्थिर झाली आणि ताप भरला. संध्याकाळीं डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं अपेंडिक्स सुजलेलें आहे, आज रात्रींच शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि तीहि पूर्ण भूल देऊन.

दहा माणसांचें घर, तेव्हां मतेंहि दहा पडलीं. आमच्या आत्याबाई चौऱ्यायशींच्या आहेत. त्यांनीं स्पष्टच सांगितलें, "भूल आईला द्याल, पण तें पोटांतलें पोर आहे त्याला कोण विचारणार? त्याला का विष पाजायचें? बायकांनीं आजवर किती सोसलें आहे, हीहि सोसेल." आमच्या कुटुंबाचें मत पडलें कीं औषधांवर चार दिवस काढावे व पुढचें पुढें पाहावें. चिरंजीव फोनवर कांहींतरी वाचीत होते आणि जों जों वाचीत तों तों पांढरे पडत होते. राहतां राहिलों आम्ही. आम्हीं विचारी माणसाचा आव आणून म्हटलें कीं दुसऱ्या एका डॉक्टरचें मत घ्यावें. या शहाणपणापायीं तीन तास गेले, आणि दुसऱ्या डॉक्टरांनीं पहिल्याच डॉक्टरांचें म्हणणें शब्दशः सांगितलें. अपेंडिक्स आंत फुटलें तर बाळ दगावण्याचा धोका कितीतरी पटींनीं वाढतो, हें त्यांनीं वर आणखी सांगितलें.

रात्रीं भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. वयानें लहान, पण बोलण्यांत घाई नाहीं. आम्हीं सरळ विचारलें, "आईला दिलेली भूल पोटांतील मुलाला लागते कीं नाहीं?"

"लागते," त्या म्हणाल्या. "खोटें कशाला सांगूं? औषध वारेंतून पलीकडे जातेंच. पण काका, तुम्ही औषधाला भितां आहांत, आणि आम्ही भितों तें निराळ्याच गोष्टीला. आईचा रक्तदाब उतरला किंवा तिला प्राणवायु कमी पडला तर बाळाला धोका. तो सांभाळला तर बाळ बहुधा सांभाळलें जातें."

"हें कशावरून?"

"गरोदर बाईवर असले प्रयोग कोणी करूं शकत नाहीं. आम्हांला जें ठाऊक आहे त्यांतलें पुष्कळसें गाभण मेंढीनें सांगितलेलें आहे."

त्या रात्रीं त्यांनीं पांच मिनिटांत जें सांगितलें तें पुढें आम्हीं सवडीनें वाचून पाहिलें, म्हणून येथें जरा विस्तारानें लिहितों. मेंढीच कां, याचें कारण सोपें आहे. तिचे दिवस सुमारें पांच महिन्यांत भरतात. पोटांत बहुधा एक किंवा दोनच कोकरें असतात. परदेशांतील मोठ्या जातींचें कोकरूं जन्मतांना वजनानें माणसाच्या मुलाच्या जवळपास असतें. शिवाय ती स्वभावानें गरीब, आणि मुख्य म्हणजे तिच्या गर्भाशयाला चाकू लागला तरी ती सहसा गाभडत नाहीं. म्हणून आंतील कोकराच्या रक्तवाहिन्यांत बारीक नळ्या बसवून, पोट पुन्हां शिवून, तिला बरें होऊं देऊन मग दिवसचे दिवस आंतील हालहवाल पाहतां येते.

१९७४ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें श्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा मेंढ्यांना हॅलोथेन आणि आयसोफ्लुरेन या वायुरूप औषधांची भूल देऊन पाहिली. भूल हलकी किंवा मध्यम असली तर आईचा रक्तदाब थोडा उतरे, पण गर्भाशयाच्या धमन्या सैल पडत असल्यामुळें तेथें जाणारें रक्त कमी होत नसे. कोकरूं खुशाल असे. भूल खोल केली कीं मात्र रक्तदाब खचे, गर्भाशयाचें रक्त आटे, आणि कोकराच्या रक्तांत प्राणवायु घटून आम्लता वाढे. म्हणजे औषध तेंच, मात्रा निराळी, आणि कोकराचें सारें भवितव्य आईच्या रक्ताभिसरणावर टांगलेलें. पुढें असेंहि दिसून आलें कीं आंतील कोकराला गुंगी येण्यास आईच्या मानानें बरेंच कमी औषध पुरतें. म्हणजे आई झोंपली तर तेंहि झोंपतें, आणि तिच्याहून सहज झोंपतें.

पण आत्याबाईंच्या आक्षेपाला खरें उत्तर याच मंडळींनीं १९७९ सालीं केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत होतें. त्यांनीं जाग्या गाभण मेंढीला भूल न देतां क्षणभर विजेचा चटका देऊन घाबरविलें. तिचा रक्तदाब वाढला, भीतीचें द्रव्य रक्तांत वाढलें, आणि गर्भाशयाकडे जाणारें रक्त सुमारें निम्म्यानें घटलें. आई सोसते तेव्हां तिच्याबरोबर पोटांतलेंहि सोसत असतें, आणि तें तिच्याहून कमी बळाचें असतें. डॉक्टरबाईंनीं हें आत्याबाईंना समजेल अशा शब्दांत सांगितलें. आत्याबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे सोसूं नये, असें मेंढी म्हणते?"

"होय आजी, निदान अशा वेळीं तरी."

१८४७ सालीं एडिंबरोच्या डॉक्टर सिम्सननें प्रसूतीसाठीं क्लोरोफॉर्म वापरला तेव्हां तिकडेहि स्त्रियांनीं सोसलेंच पाहिजे असें म्हणणारे थोडे नव्हते. सहा वर्षांनीं खुद्द व्हिक्टोरिया राणीनें बाळंतपणांत तो घेतला, तेव्हां पुष्कळांचीं तोंडें बंद झालीं. आमच्या घरीं राणीचें काम मेंढीला करावें लागलें.

तरीहि होकार उच्चारवेना. तेवढ्यांत डॉक्टरबाईंनीं विचारलें, "यांनीं शेवटचें कधीं खाल्लें?" उत्तर निघालें, काल रात्रीं. सकाळीं दुखतें म्हणून कांहीं दिलें नाहीं, दुपारीं इस्पितळांत नको म्हणाले, आणि तेथून पुढें आमचीं मतें चाललीं होतीं. भूल देण्यापूर्वीं पोट रिकामें हवें हें खरें, नाहींतर आंतलें वर येऊन श्वासांत जाण्याची भीति असते. पण गरोदर स्त्री फार वेळ उपाशी राहिली तर तिच्या रक्तांत आम्लें इतरांपेक्षां लवकर सांचतात, असें म्हणून त्यांनीं साखरेची सलाइन चालू करण्यास सांगितलें. आम्हांस ती परात आणि ती मेंढी आठवली. एक दीस खायाला न्हाई मिळालं का मान टाकती. आम्ही सुविद्य माणसें बांकावर बसून शास्त्रार्थ करीत होतों आणि ती पोर आंत उपाशी होती.

सही मात्र आम्हीं केली नाहीं. पडद्यामागून सूनबाईंनीं कागद मागून घेतला. "आपण सगळे बोलत आहांत तें मला ऐकूं येतें आहे," त्या म्हणाल्या. "पोट माझें आहे. सही मी करतें." आमच्या घरांत सूनबाई इतकें स्पष्ट पूर्वीं कधीं बोलल्या नव्हत्या, आणि त्या बोलल्या याचा राग आत्याबाईंसहि आला नाहीं.

शस्त्रक्रियेला तासाहून थोडा कमी वेळ लागला. टेबलावर त्यांना किंचित् डाव्या कुशीवर कलतें ठेवलें होतें, कारण उताणें निजविलें तर वाढलेल्या गर्भाशयाचें ओझें पोटांतील मोठ्या शिरेवर पडून रक्त हृदयाकडे नीट परतत नाहीं. नंतर बाळाच्या हृदयाचे ठोके यंत्रावर ऐकविले, ते आम्हीं सर्वांनीं ऐकले.

चिरंजीवांच्या मनांत मात्र फोनवर वाचलेलें घोळत राहिलें. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०१६ च्या डिसेंबरांत इशारा दिला होता कीं गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत, किंवा तीन वर्षांखालील मुलांना, तीन तासांहून जास्त वेळ अथवा पुनःपुन्हां भूल दिल्यास वाढत्या मेंदूवर परिणाम होऊं शकेल. इशारा खरा आहे. तो मुख्यतः जनावरांवरील प्रयोगांवरून दिलेला आहे, आणि ज्या शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नाहीं ती टाळावी असा त्याचा अर्थ नाहीं. उलट अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठीं तासाभराहून कमी वेळ भूल दिलेल्या अर्भकांना पांच वर्षांचीं झाल्यावर तपासलें असतां, नुसती कमरेखालचीच भूल दिलेल्या मुलांहून त्यांच्या बुद्धींत फरक आढळला नाहीं, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. हें वाचून चिरंजीव जेवूं लागले.

आम्ही मात्र मेंढीच्या नादीं लागलों. धनगरिणीचें बोलणें पशुवैद्यकाच्या पुस्तकांत जसेंच्या तसें सांपडलें. जुळें पोटांत असलेल्या मेंढीला शेवटच्या महिना-दीड महिन्यांत खाणें कमी पडलें तर ती अंगांतील चरबी जाळूं लागते, रक्तांत विषारी आम्लें वाढतात, आणि ती खरोखरच मान टाकून बसते. तिला भूल द्यावयाची म्हणजे दोन्हीकडून पेंच. रवंथ करणारें जनावर. ओटीपोटांत पांच महिन्यांचें ओझें आणि शेजारीं चाऱ्यानें फुगलेलें कोठें. उपाशी न ठेवावें तर चारा वर येऊन श्वासनळींत जातो, आणि ठेवावें तर हा रोग. म्हणून पुष्कळ पशुवैद्य गाभण मेंढीचें पोट उघडतांना तिला पूर्ण भूल न देतां कण्याजवळ किंवा कातडीखालीं सुई टोंचून तेवढाच भाग बधिर करणें पसंत करतात; त्यांतहि मात्रा जपावी लागते, कारण एवढ्याशा अंगाला तें औषध लवकर बाधतें. गुरांना शांत करण्यासाठीं जें झायलाझीन सर्रास टोंचतात तें तर मेंढीच्या फुप्फुसांना सोसत नाहीं आणि दिवस भरत आलेलें गर्भाशय आवळतें.

आपल्या दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरूं होतें, म्हणून धनगराला जुळ्याचें अप्रूप. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें सुंदरबनांतील ठेंगण्या गॅरोल मेंढीचा जुळीं देणारा गुण दख्खनी मेंढींत उतरवून 'नारी सुवर्णा' नांवाची जात तयार केली आहे. तो गुण एकाच जनुकांतला असल्याचें २००१ सालीं कळलें. जुळीं वाढलीं कीं धनगरिणीची परातहि वाढवावी लागणार, हें ओघानेंच आलें.

वाचतां वाचतां आम्हांस एक गंमत दिसली. मराठींत 'भूल' म्हणजे गुंगी आणि 'भूल' म्हणजे चूकहि. मेंढीच्या बाबतींत शास्त्रज्ञांना हे दोन्ही अर्थ एकदमच भोगावे लागले. केंब्रिजचे सर जोसेफ बारक्रॉफ्ट हे या विद्येचे आद्य पुरुष. उंच पहाडावर माणसाचें रक्त प्राणवायूवांचून कसें निभावतें हें पाहण्यासाठीं ते स्वतः पेरू देशाच्या पर्वतांत जाऊन राहिले होते. पुढें त्यांनीं गाभण मेंढीला कमरेखालीं बधिर करून, पोट उघडून, कोकराच्या नाळेंतील रक्त तपासलें, आणि असें अनुमान काढलें कीं दिवस भरत येतात तसतसा आंतील प्राणवायु उणा पडत जातो. जणूं कोकरूं एव्हरेस्ट चढत असतें आणि गुदमरून बाहेर पडतें. हें मत बराच काळ टिकलें. १९६० नंतर त्यांचेच जुने सहकारी डोनाल्ड बॅरन आणि मेस्किया यांनीं रक्तवाहिन्यांत नळ्या बसवून मेंढीला शुद्धीवर येऊं दिलें, व ती उभी राहून चारा खात असतांना रक्त तपासलें. तेव्हां शेवटच्या दिवसांतील ती घसरण दिसेना. प्राणवायु कमी असतो हें खरें, पण तो कोकराचा नित्याचा हवापाणी आहे, आणि त्यावर तें सुखानें वाढतें. गुदमरणें होतें तें पुष्कळसें त्या टेबलावरचें होतें.

दुसरी गोष्ट याहून मनोवेधक. पोटांतील मूल श्वासोच्छ्वासाची हालचाल एरवीं करीत नाहीं, असें पुष्कळ दिवस मानलें जाई. १९७० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या डॉव्ज व त्यांच्या सोबत्यांनीं जाग्या मेंढीच्या पोटांतील कोकराची छाती पाण्यांतच वर-खालीं होते असें नोंदलें. तोंवर तें ठळकपणें दिसलें नाहीं, कारण पाहणारे आधीं आईला भूल देत आणि भुलेनें ती हालचाल थांबे. आज दिवस भरत आलेल्या बाळाची खुशाली पाहतांना सोनोग्राफींत हीच हालचाल मोजतात. आमच्या सूनबाईंच्या आठव्या महिन्यांतील तपासणींत डॉक्टरांनीं ती पडद्यावर दाखविली. आमच्या कुटुंबानें तीन वेळां दाखवावयास लावली.

आणि एकदां मेंढीनेंहि फसविलें. कण्यांत सुई टोंचून भूल दिली कीं रक्तदाब उतरतो. तो वर आणण्यास कोणतें औषध चांगलें, हें १९७४ सालीं गाभण मेंढीवर पाहिलें तेव्हां एफेड्रिन सरस ठरलें, कारण त्यानें गर्भाशयाचें रक्त घटत नव्हतें. पुढें कित्येक वर्षें बाळंतिणींना तेंच दिलें गेलें. नंतर प्रत्यक्ष स्त्रियांच्या शस्त्रक्रियांत मोजमाप झालें तेव्हां कळलें कीं एफेड्रिन वारेपलीकडे जाऊन बाळाच्या रक्तांत आम्लता वाढवतें, आणि फिनिलएफ्रिन हें दुसरें औषध त्याहून बरें. मेंढी खोटें बोलली नव्हती. तिची वार निराळी, तिच्या गर्भाशयांत ती शेंकडाभर गाठींनीं चिकटलेली असते आणि मधला पडदा जाड असतो. माणसाची वार आईच्या रक्तांतच बुडालेली असते. विचारणाऱ्यांनीं तेवढें ध्यानांत धरावयास हवें होतें.

हें सारें आम्ही रोज रात्रीं जेवणानंतर मोठ्यानें सांगत असूं. आत्याबाई ऐकत. एके रात्रीं त्यांनीं विचारलें, "त्या मेंढ्यांचें पुढें काय झालें?"

आमच्यापुढें उडवून लावण्याचे मार्ग पुष्कळ होते, पण प्रश्न सरळ होता. आम्हीं सांगितलें कीं प्रयोग संपल्यावर त्यांना बहुधा भुलेंतच मारतात, पोटांतल्यांसहि.

त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत, आणि आम्हांसहि झोंप लागली नाहीं. आमच्या घरापासून कांहीं अंतरावर बुरूड राजाचा कोट म्हणून ज्याला म्हणत तो स्तूप आहे. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो उकरला, आणि त्याच सालीं येथेंच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्यांना सांपडला. तो आतां मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. त्याच अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत, तो स्तंभ इकडचा नव्हे तर उत्तरेकडचा, एक आज्ञा आहे: गाभण अथवा दुभती मेंढी मारूं नये, आणि तिचें सहा महिन्यांखालील पिलूंहि मारूं नये. शूर्पारकच्या बंदरांत ती कितपत पाळली गेली असेल देव जाणे. आजच्या आपल्या देशांत असल्या प्रयोगांवर १९६० च्या कायद्यान्वयें नेमलेल्या समितीची देखरेख असते, मान्यता लागते, वेदना न होऊं देण्याच्या अटी असतात. अशोकाच्या आज्ञेइतकें तें सरळ नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं आत्याबाईंना ऑकलंडच्या लिगिन्स यांची हकीकत सांगितली. प्रसूति कशानें सुरू होते हें पाहण्यासाठीं त्यांनीं पोटांतील कोकराला एक संप्रेरक टोंचलें. कोकरूं फार लवकर जन्मलें, इतकें लवकर कीं त्याचीं फुप्फुसें उघडावयास नको होतीं. परंतु तें श्वास घेत होतें. १९६९ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. १९७२ सालीं हॉवी यांच्यासह त्यांनीं तीच सुई अपुऱ्या दिवसांच्या बाळंतिणींना देऊन पाहिली, आणि तेव्हांपासून जगभर असंख्य मुलें तीमुळें वांचलीं आहेत. आत्याबाईंच्या स्वतःच्या पाठच्या भावाला सातव्या महिन्यांत जन्मून दोन दिवसांचेंच आयुष्य लाभलें होतें, हें आम्हांस तेव्हां प्रथम कळलें. "तेव्हां ही सुई नव्हती," एवढेंच त्या म्हणाल्या.

आषाढांत सूनबाई पूर्ण दिवसांच्या होऊन सुखरूप बाळंत झाल्या, मुलगी आहे.

यंदा माघांत वाडा पुन्हां उतरला. मेंढरांचा वास ज्यांना कधीं खपला नाहीं त्या आत्याबाई रिक्षांत बसून बांधापर्यंत आल्या, मांडीवर पणती. धनगरीण तीच होती. त्या मेंढीचें काय झालें म्हणून आम्हीं विचारलें, तेव्हां तिनें कळपांत बोट दाखविलें. "याली की. दोन झाली. एक जगलं, एक घाटात गेलं." आणि मग मुलीकडे पाहून म्हणाली, "कितवा महिना?"

"आठवा लागला," आत्याबाई म्हणाल्या. मुलीनें तोंवर एका कोकराचा कान घट्ट धरला होता व तो कांहीं केल्या सोडीना.

परततांना रिक्षांत आत्याबाईंनीं एवढेंच विचारलें कीं वाडा उठण्यापूर्वीं पायलीभर धान्य तिकडे पोंचविण्याची सोय होईल काय.